धोंडुबाईचा ताप

विटा, ८ जानेवारी २०२४

क्रांती बाळा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. तीस वर्षं तिरुचिरापल्लीत गलाईचं दुकान चालवलं, सोनं आटवलं, शुद्ध केलं आणि दर रविवारी घरी पत्र लिहिलं. तो हात अजून गेलेला नाही. शिवाय फोनवर तू एवढं भराभर बोलतेस की अर्धं माझ्या डोक्यात शिरतं आणि उरलेलं तुझी मामी पळवते. हे उत्तर मला चारचौघांत वाचून दाखवायचं आहे, तेव्हा कागदावरच धाड.

काम असं. तुझ्या आईच्या वस्तीपलीकडे धोंडुबाई म्हणून एक बाई आहे. तू ओळखायची नाहीस, तुझ्या लग्नानंतर तिकडे राहायला आली. साठीची असेल. तिला महिन्यापासून ताप येतो, पण त्याची चालच वेगळी. सकाळी बघावं तर बाई शेरडांमागं हिंडतेय. दिवेलागणीला हुडहुडी भरते, मग ताप. पहाटे इतका घाम की लुगडं पिळून काढावं, आणि त्या घामाला भिजलेल्या कडब्यासारखा वास. उठताना कंबर धरून जमिनीला हात टेकते. डॉक्टरांनी मुदतीचा ताप म्हणून सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. आठ दिवस बरी होती. नवव्या दिवशी पाहुणा परत दारात.

वस्तीवर यावरून दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो टायफॉईड मुरला, दुसरा म्हणतो बाहेरचं काहीतरी आहे. मग मी तिसरा पक्ष काढला. म्हटलं, ताप म्हणजे भट्टी. भट्टीत घातल्यावर सोन्यातलं हिणकस जळून जातं, तसं शरीर स्वतःच स्वतःला शुद्ध करतंय. लोकांनी माना डोलावल्या. लोकांनी एवढ्या लवकर माना डोलावल्या की मला नेहमी शंका येते. तू सातारच्या लॅबमध्ये दिवसभर जंतूच बघतेस. तो जंतू माणसाच्या अंगात जाऊन नेमकं करतो काय, आणि माझी भट्टी खरी की खोटी, ते कळव.

तुझी आई मजेत आहे. सातव्यात तुझी ओटी भरून बाळंतपणाला आणायचं म्हणून आतल्या खोलीला चुना दिलाय. तू तब्येतीला जप. मल्हाररावांना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार.

लालामामा


सातारा, १२ जानेवारी

लालामामा,

तुमची भट्टी अर्धी खरी आहे. उरलेली अर्धी दुरुस्त करून वाचा.

आधी एक सांगते, सगळे जंतू वाईट नसतात. दुधाचं दही करतो तोही जंतूच, आणि आपल्या आतड्यात तर त्यांची गावंच्या गावं सुखानं नांदतात. आजार करतो तो ज्याला भलत्या ठिकाणी शिरायची वाट सापडते. कातडी ही आपली भिंत. नाकाघशातला चिकटा आणि पोटातलं आम्ल हे दारावरचे पहारेकरी. पण बोटाला बारीकशी चीर असली, त्याच हातानं डोळा चोळला, एवढंही त्याला पुरतं. आत गेल्यावर त्याला वैरबिर काही नसतं. तो खातो आणि वाढतो. एकाचे दोन, दोनाचे चार. त्या नादात कुणी विष सोडतो, कुणी आपल्या पेशी फोडतो.

मग आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. त्या जंतूला अक्षरशः गिळतात आणि मेंदूला निरोप धाडतात. मेंदू ठरवतो, अंग तापवा. हुडहुडी म्हणजे तेच, स्नायू थरथरून ऊब तयार करतात. थंडी वाजते तेव्हा खरं तर ताप चढत असतो. पण त्या तापात जंतू जळत वगैरे नाही. तो थोडा मंदावतो आणि आपल्या पेशी चपळ होतात, एवढंच. तुमच्या दुकानात भट्टी वेगळी, सोनं वेगळं आणि तुम्ही वेगळे. इथं तिन्ही एकच माणूस आहे. म्हणून ताप फार चढला तर उतरवावाच लागतो.

तोवर दुसरी फळी तयार होत असते. त्या एका जंतूला नेमकी बसेल अशी प्रतिपिंडं शरीर घडवतं. कुलूप समोर ठेवून किल्ली घासत बसावं तसं. आठ-दहा दिवस लागतात. एकदा जमली की शरीर ती ओळख विसरत नाही, पुढच्या वेळी किल्ली तयारच असते. बहुतेक तापांचा निकाल असा पंधरा दिवसांत लागतो. महिनाभर येऊन-जाऊन राहणारा ताप मला आवडलेला नाही, मामा. याचा अर्थ जंतू कुठेतरी लपून बसलाय.

धोंडुबाईंकडून एवढं लिहून आणा: ताप कोणकोणत्या वारी आला, किती वाजता चढतो, मध्ये किती दिवस सुटतो, खाणंपिणं काय, जनावरं कोणती.

आईशी रोज बोलणं होतं. आवाज खणखणीत आहे. हल्ली सकाळी, मी लॅबला निघताना, तिचा फोन येतो.

क्रांती


विटा, १७ जानेवारी

क्रांती,

तुझं पत्र चहाच्या टपरीवर मोठ्यानं वाचलं. परिणाम असा झाला की आमच्या टपरीवाल्या शंभूराजनं ताक सोडलं. म्हणतो, "लालासाहेब, आजवर न कळता पीत होतो, आता बघून-सवरून जंतू कसं प्यायचं?"

तू सांगितलंस तसा वही-पेन घेऊन पेशंटसमोर बसलो. मला माणसाचं बोलणं जसंच्या तसं लक्षात राहतं. दुकानात तोच माझा कस होता. सोनं घासायच्या आधी मी गिऱ्हाइकाचं बोलणं घासून बघायचो. तर झालं ते असं.

मी म्हटलं, "आधी वार सांग."

"वार? ती व्हय! पडंना म्हनून म्याच हात घालून काढली की रं लाला."

"काय काढलीस?"

"वारच की. काजळीची. गाभडल्याल्या शेरडीची वार आपसूक पडती व्हय?"

"अगं, ताप आला तो वार विचारतोय मी! सोमवार, मंगळवार!"

"मग आसं नीट इचार की. येक तर आंग मोडून आलंय, त्यात ह्येची परीक्षा."

जमलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मीही हसलो. तेव्हा वार काही मिळाले नाहीत. बाकीचं घे. आठ-दहा दिवस रोज दिवेलागणीला चढतो, मग चार-पाच दिवस सुटतो, मग पुन्हा. खाणं भाकरी-कालवण. दूध शेरडाचं, धार काढली की तिथंच तांब्याला तोंड. म्हणते, तापवलं की त्यातला जोर जातो. शेरडं अकरा. कार्तिकात त्यातली दोन गाभडली, पिल्लं अपुऱ्या दिवसांची पडली.

एवढ्यावर काही कळतंय का बघ.

लालामामा


सातारा, १९ जानेवारी

मामा,

हे पत्र पोस्टानं नाही, माझे दीर भाऊसो घेऊन येतायत. वाचा आणि त्यांच्याच गाडीत बसून वस्तीवर जा.

तुम्ही जे हसण्यावारी नेलंत त्यातच उत्तर आहे. शेळ्या गाभडण्याचं एक मोठं कारण म्हणजे ब्रुसेला नावाचा जंतू. गाभडलेल्या शेळीच्या वारेत आणि पाण्यात तो कोट्यवधींनी असतो. ती वार उघड्या हातानं काढली, हातावर विळ्याच्या चिरा, वर कच्चं दूध. संध्याकाळचा ताप, तो घाम, ती कंबर, लाटेसारखं येणं-जाणं, सगळं जुळतं. डॉक्टरांना सांगा, ब्रुसेलाची तपासणी करायची आहे. रक्त घेणाऱ्यालाही आधी सांगा, हा जंतू लॅबमधल्या माणसालाही सोडत नाही.

आता दुसरं. तुम्हाला विट्यात लालासाहेब म्हणतात, तिरुचिरापल्लीत शेट म्हणत. "रं लाला" म्हणणारी बाई जगात एकच आहे. काजळीला तर दिवाळीत मीच भाकरी भरवली होती. तुमचे कान खोटं लिहू शकत नाहीत, मामा. नाव तेवढं खोटं लिहिलंत.

आई पूर्वी मला दिवेलागणीला फोन करायची. गेला महिनाभर सकाळी करते. का, ते मला आज कळलं. रोज परक्यांचं रक्त बघणाऱ्या मला.

मी फोन करत नाही. केला तर ती "मला काय धाड भरलीय" म्हणेल आणि रक्त द्यायची नाही. आधी रक्त द्या. रागवायचं मग बघू.

क्रांती


विटा, २३ जानेवारी

क्रांती,

रक्त दिलं.

आता कबुली. तुझ्या आईनं माझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून घेतला होता. "लाला, पोरीच्या कानावर घालायचं न्हाई. तिच्या सासरी कळलं तर आजारी घरात सून धाडायची न्हाईत. येकुलती येक लेक हाय, तिचं बाळातपन माझ्या हातनं व्हायला पायजे." मी शपथ पाळली. कानावर घातलं नाही, कागदावर घातलं, आणि तेही धोंडुबाईच्या नावानं. धंद्यात अशा पळवाटा मी पुष्कळ काढल्या. भाचीपुढं ही पहिलीच फसली.

भाऊसो चांगला माणूस. दारात आला तो सरळ म्हणाला, "अंबूमावशी, वहिनीला सगळं कळलंय. आता गाडीत बसा, न्हाईतर ती ह्या पोटानं इथं येऊन उभी राहील." अक्का माझ्याकडं अशी बघायला लागली की मी गाडीचा टायर तपासायला खाली वाकलो.

"शपथ घेतली हुतीस."

"कानाची घेतली होती, अक्का."

"मरनाचा चाप्टर हायस," म्हणाली आणि गाडीत बसली. मीही रक्त देऊन आलो, कारण तिच्या तांब्यातलं मीही कधी कधी प्यालोय.

लालामामा


सातारा, ३० जानेवारी

मामा,

रिपोर्ट पाहिला. ब्रुसेलाच आहे. तुमचा स्वच्छ आला, आता तरी दूध उकळून प्या. हे पत्र आईला वाचून दाखवा, सावकाश.

आई, तुझं अंग दुबळं नाही. त्यानं सगळं बरोबर केलं. पांढऱ्या पेशी आल्या, त्यांनी जंतूला गिळला. गिळल्यावर पेशी त्याला एका पिशवीत कोंडते आणि तिथं आम्ल सोडते. मामाच्या दुकानात तेजाब असायचं बघ. तेजाबात चांदी-तांबं विरघळतं, सोनं मात्र तळाशी तसंच राहतं. हा जंतू त्या सोन्यासारखा आहे. ज्या पिशवीत त्याला मारायला कोंडलं, तिथंच तो घर करतो आणि वाढतो. राखणदाराच्याच पोटात बसलेला चोर बाहेरच्या प्रतिपिंडांना दिसणार कसा? त्याच पेशीतून तो हाडांत जातो, कंबरेत जातो. मधूनच बाहेर पडतो तेव्हा शरीराला कळतं आणि ताप येतो. पुन्हा लपला की वाटतं, बरी झाले.

म्हणून औषध दोन तऱ्हेचं आणि पूर्ण सहा आठवडे. एका गोळीनं लघवी लाल होईल, घामही लालसर येईल. ते रक्त नाही, घाबरू नकोस. पंधरा दिवसांत ताप थांबेल. तेव्हा गोळ्या थांबवायच्या नाहीत. चोर तेव्हा नुसता गप्प बसलेला असतो.

मला वस्तीवर यायला डॉक्टरीणबाईंनी बंदी केलीय. हा जंतू पोटातल्या बाळाला घातक आहे. ओटी इथंच भरू, बाळंतपणही इथंच. सासूबाईंना मी स्वतः सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजार काय सांगून येतोय व्हय." बस, एवढंच. तू उगीच महिनाभर सोसलंस.

तू सहा आठवडे नीट काढलेस तर एप्रिलमध्ये माझ्याजवळ येशील. मला तू हवी आहेस.

क्रांती


विटा, २२ फेब्रुवारी

क्रांती,

बसून वाच.

काल अक्काला पुन्हा हुडहुडी भरली. दोन आठवडे ताप नव्हता, घाम नव्हता, चार भाकऱ्या खात होती. मी म्हटलं, असं कसं? गोळ्यांची पाकिटं मोजली. बरोबर रिकामी. मग मी दावणीपाशी जाऊन बसलो, कारण घरात खोटं बोलणारी माणसं जनावरांशी खरं बोलतात.

थोड्या वेळानं अक्का आली. हातात गुळाचा खडा. काजळीला म्हणते, "खा माझे बाय. आज येकच हाय, सकाळची मला घ्यावी लागली."

मी उठून उभा राहिलो. गुळात गोळी होती.

"अक्का!"

"वराडतोस कशाला? रोग कुनाकडनं आला? हिच्याकडनंच न्हवं? मग औशिद हिला न्हाई दिलं तर हितनं परत मला लागंल. मुळावरच घाव घालाय नको व्हय?"

क्रांती, मी बावीस कॅरेटला चोवीस म्हणणाऱ्या माणसांना तोंडावर गप्प केलंय. हिच्यापुढं मी फक्त हातातला गुळाचा खडा काढून घेतला. विचार चुकीचा आहे हे कळत होतं, पण कुठं चुकीचा, ते सांगता येईना. ताप थांबल्यापासून निम्म्या गोळ्या तिच्या आणि निम्म्या शेरडाच्या, असं चाललं होतं.

तुला काय बोलायचं ते बोल. पण थोडं हळू बोल. ती रात्रीपासून दावणीपाशीच बसून आहे.

लालामामा


सातारा, २४ फेब्रुवारी

आई,

रागानं दोन कागद फाडले, हा तिसरा.

तुझा विचार चूक नाही. मूळ शेळ्यांतच आहे. पण निम्म्या औषधानं तूही बरी होत नाहीस आणि काजळीही. जंतूला नुसता इशारा मिळतो आणि तो आणखी आत जाऊन बसतो. शेळीचा हा रोग या गोळ्यांनी भरवशानं जात नाही. जात असता तर मीच तुला सांगितलं असतं की गुळातून दे.

डॉक्टरांशी बोलले. आजपासून पहिला दिवस. पुन्हा सहा आठवडे, सहा एप्रिलपर्यंत. मला तारीख दिलीय अठरा एप्रिल. मध्ये बाराच दिवस राहतात, आई. आता एकही गोळी इकडंतिकडं जाऊ देऊ नकोस.

मामा, जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून सगळ्या शेळ्यांचं रक्त तपासून घ्या.

क्रांती


विटा, १६ मार्च

क्रांती,

अकरापैकी चार शेरडांत रोग निघाला. काजळी त्यातली एक.

जनावरांचे डॉक्टर वस्तीवर येऊन सगळं समजावून गेले. ही चार कळपात ठेवायची नाहीत, विकायची नाहीत. ते गेल्यावर मी विचार केला, आणि जो केला तो तुला सांगतो, कारण आता तुझ्यापासून काही लपवायची माझी हिंमत नाही. मी अक्काला म्हटलं, "आटपाडीच्या बाजारात दर आठवड्याला हजारात जनावर उभं राहतं. कपाळावर कुणाच्या लिहिलेलं असतं? दिसायला चारी ठणठणीत आहेत. मी बघतो."

अक्का धार काढत नव्हती, नुसती काजळीच्या पाठीवरून हात फिरवत होती. हातात तू धाडलेले रबरी मोजे. म्हणाली, "कोन घील?"

"कुणीही."

"कुनीबी म्हंजी बाईच. शेरडं बायाच राखत्यात. तिची बी पोर आसंल येखादी, दिवस ऱ्हायल्याली. ती बी वार काढाय हात घालील." मग म्हणाली, "लाला, तू सोन्यातली खोट काढून पोट भरलंस. आता म्हातारपनी खोट इकनार हायस?"

मी घरी आलो आणि मामीला सांगितलं, आज जेवत नाही.

परवा डॉक्टरांनी चारी शेरडांना सुई दिली. खोल खड्डा काढला, चुना टाकला, गोठ्यातली माती खरवडून तीही टाकली. अक्का शेवटपर्यंत उभी होती. रडली नाही. काजळीच्या गळ्यातली घुंगरं मी सोडायला गेलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे, तिची हायती." उरलेल्या सातांची दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे.

गोळ्या ती आता माझ्यासमोर घेते. जीभ वर करून दाखवते, लहान पोरासारखी.

लालामामा


सातारा, ७ एप्रिल

मामा,

काल औषध संपलं, ताप नाही, डॉक्टरांनी बरी म्हणून सांगितलं. आणि आज आई फोनवर म्हणते, येत नाही.

कारण विचारलं तर म्हणते, "माझ्या आंगात कुठं येखादा ऱ्हायला आसंल तर? चार शेरडं गेली, तेवढं पुरं." मी परोपरीनं सांगितलं, हा रोग माणसानं माणसाला जवळ घेतल्यानं पसरत नाही. तिला पटत नाही. म्हणते, "लेक हायस, माझं मन राखाय बोलतीस."

एवढे दिवस तिनं यावं म्हणून मी तिला भीती घातली. आता ती भीती तिला सोडत नाही. माझा जीव तिच्यावाचून घाबरतोय हे मी लॅबमध्ये कुणाला सांगू? तुम्हीच काहीतरी करा. पळवाट चालेल.

क्रांती


विटा, २४ एप्रिल

क्रांती बाळा,

तू आत होतीस, दाराबाहेर काय चाललं होतं ते तुला कळलं नसेल. तुझे मल्हारराव सांगणार नाहीत, त्यांना त्या दिवशी काहीच ऐकू येत नव्हतं. म्हणून मी लिहितो.

तिला साताऱ्याला आणायला मी काही युक्ती केली नाही. डॉक्टरांकडं घेऊन गेलो आणि म्हटलं, "हिला लेकीचं खरं वाटत नाही, तुमचं वाटतंय का बघा." ती डॉक्टरांना म्हणाली, "तोंडानं नगं, कागदावर लिवून द्या." त्यांनी लिहून दिलं. तिनं तो कागद दोनदा माझ्याकडून वाचून घेतला, एकदा शंभूराजकडून, म्हणजे मी काही भर घालत नाही ना ते बघायला. मग पिशवी भरली.

दवाखान्यात सकाळी दहाच्या सुमाराला नर्सनं मुलगी झाल्याचं सांगितलं. तुझ्या सासूबाई सुलाबाई मधाची बाटली आणि सोन्याचं वळं घेऊन तयारच. मला म्हणाल्या, "लालासाहेब, तुमी त्यातलं जाणकार. बघा बरं, चोख आहे ना? उगाळून मधातून चाटवायचंय." मी वळं हातात घेतलं. सोनं चोख होतं. तेवढ्यात अक्का बोलली.

"विहीनबाई, राग मानू नगा. आदी तिला आईचा चीक पाजाय पायजे."

"पहिलं दूध? ते पिवळं, जड असतंय. आमच्यात पिळून टाकत्यात."

"टाकू नगा. करडू पडल्यावर घटकाभरात चीक पोटात गेला तर त्ये जगतं. न्हाई गेला तर दिसाय धडधाकट दिसतं आन आठ दिसांत माना टाकतं. चाळीस वर्सं बघतीया."

"अवं, ते शेरडाचं झालं. हे आमच्या घराण्याचं लेकरू आहे."

"त्येला कुठं म्हाईत हाय घरानं? आत्ता तर आलंय." आणि मग हळू म्हणाली, "आईनं जेवढी दुखनी सोसल्यात, त्येंची वळख त्या चिकात आसती. पोराला त्येवढीच शिदोरी. बाकी त्येच्या आंगात आजून कायबी तयार न्हाई."

मी गार झालो. तू पानंच्या पानं लिहिलंस, मी टपरीवर ते वाचलं, आणि ही बाई दोन वाक्यांत मोकळी झाली. मी विचारलं, "हे तुला क्रांतीनं सांगितलं?" तर म्हणते, "तिला कुनी सांगितलं?"

नर्स दारातच उभी होती. ती म्हणाली, "आजींचं बरोबर आहे. चीकच पाजायचा. आणि मध वर्षभर अजिबात द्यायचा नाही." सुलाबाईंनी बाटली पिशवीत टाकली, वळं बोटात घातलं आणि म्हणाल्या, "बरं बाई. दोघी मिळून आला माझ्यावर." पण चेहऱ्यावर राग नव्हता, तो मी बघितला.

तासाभरानं नर्स दुपट्यात गुंडाळलेली पोर घेऊन बाहेर आली. "आईची आई कोण? घ्या." अक्का पुढं व्हायच्या ऐवजी एक पाऊल मागं सरकली. बेसिनवर जाऊन कोपरापर्यंत हात धुऊन आली. मग चंचीतून तो कागद काढला, चार घड्या उलगडून नर्सच्या पुढं धरला.

"आदी ह्ये वाचा. मग द्या."

नर्सनं पोर एका हातावर सावरून कागद मोठ्यानं वाचला. "अंबूबाई, वय एकसष्ट. उपचार पूर्ण. प्रकृती उत्तम." मग म्हणाली, "अहो आजी, तुम्हाला कुणी अडवलंय का?"

"आडवलं न्हाई," अक्का म्हणाली, "पर कुनी इचारायच्या आदी दाखवावं."

मग तिनं पोर घेतली. कशी घेतली ते मी लिहीत नाही, ते तू आता रोज पाहतेच आहेस. मी तिथंच बाकावर बसून होतो. बऱ्याच वेळानं तिनं नातीवरची नजर न हलवता कागद माझ्याकडं सरकवला.

"लाला, नीट ठीव. उद्याच्याला दुसरी नर्स आसंल."

तुझा
लालामामा